पहिली खाच

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. मी एकेचाळीस वर्षं दात कोरूनच पोट भरलं. दातांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे साचे यायचे आणि मी त्यांवरून कवळ्या करून द्यायचो. पेशंटचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण साचा हातात घेतला की सांगू शकायचो, हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते, या गृहस्थांनी डॉक्टरला शिव्या घालत माप दिलेलं आहे. साचा खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं.

निवृत्त झाल्यावर हत्यारं उरली आणि हाताची खाज उरली, म्हणून छोट्या गाड्या करायला लागलो. खोक्यात तयार भाग मिळतात ते चिकटवायचे, तसल्या नव्हेत. प्लास्टिकचा पत्रा, पितळी तार, पुट्टी, यांतून सगळं हाताने घडवायचं. माप चोवीसात एक, म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर तो माझा एक. अशा सात गाड्या झाल्या. आठवी मात्र हौसेची नव्हती. ती मी आरोपपत्र म्हणून करायला घेतली.

ती माझ्या बापाची गाडी होती. लांबलचक अमेरिकन गाडी, डाव्या हाताला स्टिअरिंग, समोर क्रोमची जाळी आणि मागे माशाच्या परांसारखे दोन ताठ पर. कारखान्यातला परदेशी इंजिनियर मायदेशी परत जाताना ती बापाला देऊन गेला होता. बाप सहा फूट दोन इंच. त्याला मावेल अशी दुसरी गाडी आमच्या भागात नव्हतीच. मी अकरा वर्षांचा आणि ताई अठराची असताना एका सकाळी तो ताईला घेऊन निघाला आणि शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत, साठलेल्या पाण्यात, गाडी घालून बसला. ताईचा उजवा पाय तेव्हापासून नावालाच आहे. ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा जमलं नाही. बाप दोन दिवस जगला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने पोलिसांना सांगितलं, की गाडी मी चालवत होतो, वेगात होतो, चूक माझी. आईने त्याचा एकही फोटो भिंतीवर लावू दिला नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." मी लहान होतो तरी एवढं गिळणारा नव्हतो. मी त्याला माफ केलं नाही. बावन्न वर्षं झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला मी आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या कपाटात विमा कंपनीचा एक लिफाफा निघाला आणि त्यात एक मोठा फोटो. क्रेनने गाडीचं नाक धरून ती खाणीतून वर ओढलेली, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा लोंबतोय, आतलं सगळं दिसतंय. फोटो पाहिला आणि ठरवलं, ही गाडी करायची. नवी कोरी नाही, खाणीतून काढली तेव्हा होती तशी. चेपलेलं नाक, फुटलेली काच, चिखल, सगळं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्याने काय केलं ते मला टेबलावर ठेवून रोज बघायचं होतं.

ताईला सांगितलं. मी आणि ती दोघंच राहतो. मी लग्न केलं नाही, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या तोंडापुढे कोणी आठवडाभरही टिकलं नसतं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बनव की. माझं काय जातंय."

"तुला त्रास होणार नाही ना?"

"तू वर बनवणार. या घरात येऊन नऊ वर्षं झाली, मी कधी वर आलेय?"

ते खरं होतं. माझी खोली माडीवर, सतरा पायऱ्या. ताईच्या पायाला त्या झेपत नाहीत.

गाडीने मला अकरा महिने राबवलं. लाकडी ठोकळ्यावर पुट्टी चढवून, घासून, पुन्हा चढवून अंग तयार केलं. जाळीच्या सळ्या दातांच्या क्लिपांच्या तारेतून ओढल्या. मागचे दिवे करायला कवळीचं ॲक्रिलिक वापरलं, तर ते थेट हिरड्यांसारखे दिसायला लागले, जणू गाडी मागून हसतेय. ते काढून फेकले आणि लाल काचेच्या बांगडीचे तुकडे घासून बसवले. पहिल्यांदा क्रोमची पट्टी चिकटवली तेव्हा जुन्या दिवसांतली गाडी अचानक समोर उभी राहिली आणि मला ती आवडली. त्याचा मला भयंकर राग आला. दोन दिवस मी हात लावला नाही.

मग आतलं काम. त्या गाडीला पुढे दोन खुर्च्या नव्हत्या, अख्खं एकच लांब बाकडं होतं. तीन माणसं सहज बसतील असं. ते खालच्या रुळांवर पुढे-मागे सरकायचं, पण सरकलं तर सगळंच सरकायचं. ड्रायव्हर पुढे आला की शेजारचाही पुढे. रुळाला सहा खाचा, माझ्या मापात एकेक मिलिमीटरवर. मी त्या सहाही खाचा दात कोरायच्या बारीक गिरमिटाने कोरल्या, कारण कौशल्याचा माज म्हणून काही असतो की नाही? छप्पर अजून बसवलं नव्हतं. बाकडं बोटाने ढकललं की टिक, टिक करत खाचेखाचेत अडकायचं.

कुठल्या खाचेत ठेवायचं याचा विचारच करायचा नव्हता. मी लहानपणी कायम बापाच्या मागे बसायचो. त्याच्या टांगांसाठी बाकडं शेवटच्या खाचेत असायचं आणि माझे गुडघे मागे चेंगरायचे. तरी आपली शिस्त म्हणून फोटोवरून मोजलं. चाकाचा व्यास माहीत होता, त्यावरून बाकीचं काढायचं. स्टिअरिंगपासून पाठीपर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर कमी आलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. तिसऱ्यांदा, तेवढंच. आमच्या धंद्यात अर्ध्या मिलिमीटरसाठी पेशंट कवळी डॉक्टरच्या अंगावर फेकतो. पाच म्हणजे दुसऱ्याच माणसाचं तोंड. पाच म्हणजे बाकडं पहिल्या खाचेत, अगदी पुढे.

मी म्हटलं, कॅमेरा तिरका धरला असेल. आणि बाकडं शेवटच्या खाचेत ठेवून दिलं. एकेचाळीस वर्षांत साच्यापेक्षा स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवल्याची ही पहिली वेळ.

रोज चार वाजता मी पाय मोकळे करायला जातो, तासाभराने येतो. त्या दिवशी परत आलो, माडीवर गेलो, दिवा लावला. बाकडं पहिल्या खाचेत होतं.

टेबल हललं असेल, असं म्हणून मी ते मागे सारलं. दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर पुन्हा पुढे. टेबल कितीही हललं तरी पाच खाचा ओलांडून काही सरकत नाही. त्याला बोट लावावं लागतं, आणि घरात बोटं होती ती माझी आणि ताईची. ताई खाली स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत बसलेली. मी घसा साफ करून मोठ्याने म्हटलं, "म्हातारा झालोस रे. स्वतःच सरकवतोस आणि विसरतोस." माझाच आवाज मला खोटा वाटला.

तिसऱ्या दिवशी निघताना बाकडं मागे आहे हे एका कागदावर लिहून, सही करून, कागद टेबलावर ठेवला. आलो तेव्हा कागद जागच्या जागी होता आणि बाकडं पुढे. खोलीत साचलेल्या पाण्याचा वास आल्यासारखं वाटलं. पुट्टीचा असेल, रंगाचा असेल, पण मला तो खाणीचा वाटला. उघड्या छपरातून आत बघायची हिंमत होईना, म्हणून दात तपासायचा छोटा आरसा आत घालून पाहिलं. आरशात रिकामं बाकडं दिसलं. स्टिअरिंगच्या इतकं जवळ, की तिथे कोणी बसलंच असेल तर ते फार बारकं असणार.

दुसऱ्या दिवशी पानाला बोलावलं. पाना म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, आयुष्यभर गॅरेज चालवलं, असल्या जुन्या धुडांचा डॉक्टर. नाव सगळे विसरले, पाना राहिला. त्याने भिंग लावून विम्याचा फोटो पाहिला आणि सरळ म्हणाला, "पुढेच आहे की बाकडं. तू मागे का करून ठेवलंयस?"

"धडकेने पुढे आलं असेल. कडी तुटली असेल."

"कवळीवाले, तुम्ही दातच बघा." त्याने फोटो माझ्याकडे फिरवला. "क्रेनने नाक वर धरलंय. गाडी उभी टांगलीय. कडी तुटली असती तर बाकडं सुळ्ळकन मागे घसरलं असतं. ते पुढेच राहिलंय, म्हणजे खाचेत घट्ट बसलंय. बसवणाऱ्याने बसवलंय."

"पण तो सहा फूट दोन इंच होता!"

"मग तो चालवत नव्हता," पाना म्हणाला. त्याने चहा संपवला आणि माझ्याकडे न बघता पुढे बोलला, "गाडीत दोघंच होती ना रे?"

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पंचावन्न वर्षांची मैत्री म्हणून तो गुपचूप चपला घालून गेला.

खरं सांगतो, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर माझ्या डोक्यात ताईचा विचार आला नाही. येऊ दिला नाही म्हणा. मला वाटत होतं, बाप येतोय. मेलेला माणूस बावन्न वर्षांनी साक्ष द्यायला येतोय आणि मी त्याचं बाकडं रोज मागे ढकलतोय. मी रिकाम्या खोलीत त्याच्याशी भांडलो. म्हटलं, "जिवंतपणी कबूल केलंस ना? मग आता कशाला फिरवतोस?" उत्तर काय येणार! पण मला उत्तराची भीती वाटली, हे मात्र नक्की.

हाताला काही काम हवं म्हणून बाकड्याच्या पाठीवरचा पुट्टीचा थर खरवडून नवा चढवला आणि त्यावर शिवणीच्या रेघा ओढल्या. ही पुट्टी दगडासारखी व्हायला एक दिवस घेते, तोवर मऊ असते. बाकडं शेवटच्या खाचेत ठेवलं आणि चारला बाहेर पडलो. चार घरांपलीकडे नेहमी बसतो त्या बाकावर बसलो आणि वेळ संपायची वाट बघितली.

परत आलो. बाकडं पुढे होतं. आणि डाव्या बाजूला, मागच्या मऊ पुट्टीवर, एक ठसा होता.

मी भिंग घेतलं. भुतांना बोटं असतील, पण भुतांच्या बोटांवर रेषा नसाव्यात. बोटाचं टोक स्पष्ट उमटलं होतं, बारीक गोल गोल रेषा, आणि त्यांना तिरकी कापत गेलेला एक जुना व्रण. त्या अपघातात काचेने ताईची तर्जनी कापली होती. रोज सकाळी ती माझ्या हातात कप देते तेव्हा तो व्रण माझ्या डोळ्यांसमोर असतो. आयुष्यभर मी ठसे वाचले. हा वाचायला मला दोन सेकंद लागले, आणि समजायला बराच वेळ.

जिन्याकडे गेलो. सतरा पायऱ्यांच्या मधोमध धूळ पुसली गेली होती, एखादं पोतं ओढत न्यावं तशी. ती बसून, पायरीमागून पायरी, हातांवर जोर देत उलटी वर आली होती. चार वेळा.

गाडी उचलून मी खाली गेलो आणि तिच्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले.

"वर कशी आलीस?"

"बसत बसत."

"पडली असतीस तर? सत्तर वर्षांची आहेस तू!"

"नाही ना पडले." तिने गाडीकडे पाहिलं. तिने ती माझ्यासमोर पहिल्यांदाच पाहिली. "छान केलीस रे. पर अगदी तसेच आलेत."

"ताई, बाकडं का सरकवलंस?"

"तू चुकीचं ठेवलं होतंस. तसं नव्हतं ते."

"मग कोणासाठी होतं पुढे?"

ती कितीतरी वेळ बोटांची कणीक काढत राहिली. मग म्हणाली, "मला विचारू नकोस. त्यांना मी शब्द दिलाय. तोंडाने कोणाला सांगणार नाही म्हणून. मी बावन्न वर्षांत एक अक्षर बोललेले नाही, आईलासुद्धा नाही. तू गाडी बनवतोस म्हणालास तेव्हा वाटलं, बरं झालं, आता तरी कुठेतरी खरं होईल. आणि तू ते बाकडं मागे ठेवलंस. ते बघून मला राहवेना." तिने कणकेच्या बोटाने गाडीतलं बाकडं दाखवलं. "मी बोललेले नाही. मी फक्त ते पुढे केलं."

मी विचारलं नाही. विचारायला उरलंच काय होतं? ताई चार फूट अकरा इंच आहे. आईचा सक्त विरोध होता, मुलीच्या जातीने गाडी कशाला शिकायची म्हणून. आणि बाप दर रविवारी सकाळी तिला मैत्रिणीकडे सोडायला न्यायचा, जी मैत्रीण आमच्यापैकी कोणी कधी पाहिली नव्हती. मी समोरच्या छोट्या गाडीत पाहिलं. डावीकडे, स्टिअरिंगला चिकटून, ती. आणि तेच बाकडं, तेवढंच पुढे, उजवीकडे सहा फूट दोन इंचाचा माणूस.

"बाबांचे गुडघे कुठे मावायचे मग?" मी विचारलं.

त्यावर तिचा बांध फुटला. "पोटाशी," ती म्हणाली. "पोटाशी घेऊन बसायचे. दर रविवारी. मी म्हणायचे, बाबा, दुखत असेल, एक खाच मागे घेऊ. तर म्हणायचे, तुझा पाय पोचायला हवा, तू रस्त्याकडे बघ, माझ्याकडे नको बघू." ती कणकेच्या हातांनी तोंड झाकून रडली. "एक खाच मागे असती ना, तर तो डॅशबोर्ड त्यांच्या छातीत गेला नसता."

म्हणजे तिने शब्द मोडला. मोडायला मी लावला.

हॉस्पिटलमधला तो दुसरा, शेवटचा दिवस मी कधी कोणाला सांगितलेला नाही. आई मला घेऊन गेली होती. बाबांनी मला जवळ बोलावलं. मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "तुम्ही ताईला मारणार होता." मोठ्याने म्हणालो, सगळ्या वॉर्डाने ऐकलं. बाबा म्हणाले, "हो रे, चुकलंच माझं." आणि हात पुढे केलेला तसाच ठेवला. मी वळून जिन्याकडे निघालो. मागून ते नर्सला म्हणाले, "असू दे, रागावलाय. उद्या येईल." शेजारच्या कॉटवर ताई होती, पाय बांधलेला. तिने हे सगळं ऐकलं होतं, आणि ती गप्प राहिली होती.

हे मला आता, स्वयंपाकघरात, टेबलाची कड धरून उभं असताना कळलं. ती गप्प राहिली. मला वाटलं की हिच्या एका वाक्याने मी पळत जाऊन तो हात धरला असता. वाटलं, ही कणकेची परात भिंतीवर फेकावी. बावन्न वर्षं हिच्या पायाकडे बघून मी एका भल्या माणसाचा तिरस्कार केला, आणि हिने करू दिला. माझा राग कोणावर काढायचा? जो घेऊन मोठा झालो तो तर खोटा निघाला होता, आणि खरा जिच्यावर काढायचा ती समोर बसून रडत होती.

"तू आता माझ्याशी बोलणार नाहीस," ताई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "मला माहीत होतं. म्हणून पण नाही सांगितलं मी. शब्दाचं आपलं निमित्त. तू त्यांच्याशी कसा वागलास ते पाहिलं होतं मी. मला तुझी भीती वाटायची. अकरा वर्षांच्या पोराची."

गाडी तिथेच ठेवून मी माझ्या खोलीकडे निघालो. मागून तिने हाक मारली, "जेवायला?"

"तू जेव," मी म्हणालो. "मी उद्या—"

पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही. मी तसाच पाठमोरा उभा राहिलो. आत परातीवर काहीच आवाज होत नव्हता. ती काम सोडून नुसती बसली असणार, दाराकडे बघत, वाट बघत. आमच्या घरातल्या एका माणसाने अशी वाट पाहिली होती, आणि तो समजूतदार होता म्हणून त्याने तक्रारही केली नव्हती.

मी परत गेलो. ताईच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो. राग गेला नव्हता. तो कधी जाईल ते मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. पण तिचा हात टेबलावर होता, कणकेने माखलेला, आणि तो मी धरला.

"सांग," मी म्हणालो. "पहिल्या रविवारपासून सांग. बाबा काय म्हणाले, तू काय म्हणालीस, सगळं."

"सगळं?"

"मला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही गं," मी म्हणालो, आणि मग मलाही रडू आलं.